शंभर टक्के खरी

शनिवारी दुपारी, लॅब बंद व्हायला अर्धा तास असताना, साफसफाईच्या मावशींच्या मॉपचा दांडा मोडला. मोठं काही नाही. पॅसेजमधून ‘कट्’ असा कोरडा आवाज आला, बादली कलंडली, आणि माझ्या हातातली मेण कोरायची सुरी कवळीच्या हिरडीत नको तिथे घुसली. मी दातांच्या कवळ्या बनवतो. तीस वर्षं झाली. गावातले निम्मे म्हातारे माझ्या हातांनी चावतात, असं मी गमतीनं सांगतो, आणि ऐकणारा हसला की मलाही बरं वाटतं. तर मी बाहेर गेलो. मालकीणबाई आधीच पोचल्या होत्या. मावशी पाण्यात उभ्या, दोन हातांत दोन तुकडे, आणि कोणी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, “माझंच चुकलं बाई. जोर जास्त दिला मी.” मी त्यांच्या हातातला एक तुकडा घेऊन बघितला. मोडलेली बाजू निम्मी काळी, तेलकट, निम्मी पांढरी, ताजी. म्हणजे चीर जुनी होती, कोणीतरी वरून हिरवा रंग फासला होता. हे ओळखायला मला भिंग लागत नाही. बाई, हा आधीच गेलेला होता, मावशींचा काही दोष नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, नवीन आणा आणि जरा जपून वापरा. मावशींनी मान डोलावली. मी तुकडा परत त्यांच्या हातात दिला आणि आत येऊन हिरडी नव्यानं लावायला घेतली. माझंच चुकलं, जोर जास्त दिला. असंच वाक्य माझी धाकटी बहीण गेली सहा वर्षं म्हणत आली आहे, आणि तिच्याही हातात मी दर वेळी तुकडा असाच परत ठेवत आलो आहे.

बसमध्ये बसायला जागा होती तरी मी उभाच राहिलो. घरी टेबलावर टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू माझी वाट बघत होती. संध्याकाळी पाच वाजता बहीण आणि तिचा नवरा ती घ्यायला येणार होते. बहिणीच्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. शाळेत भूगोल शिकवतात. एके काळी दर वर्षी सुट्टीत डोंगर चढायला जायचे, बर्फाचे, ज्यांच्या नुसत्या चित्रानं मला घेरी येते. आता काठी घेऊन चालतात. त्यांची काठी जुनी झाली, मूठ सैल झाली, तेव्हा गेल्या रविवारी त्यांनी काचेच्या कपाटातून ती वस्तू काढली, टॉवेलात गुंडाळली आणि बहिणीच्या हाती माझ्याकडे पाठवली. निरोप असा होता, की दादा, एवढी जोडून द्या, हिचीच काठी करू. तुमच्या हाताला कोण नावं ठेवणार, जोड कुठे आहे तो मलासुद्धा सापडता कामा नये. हा निरोप बहिणीनं दारातच सांगितला आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेली. आठवडाभर मी टॉवेल सोडला नव्हता.

त्या टॉवेलात बर्फकुऱ्हाड होती. बर्फावर चढणारे लोक हातात धरतात ती. एका बाजूला चोच, दुसऱ्या बाजूला छोट्या फावड्यासारखं पातं, मधे दांडा, खाली अणकुचीदार टोक. पाय घसरला की चोच बर्फात रोवायची आणि तिच्यावर अंग टाकून थांबायचं. हल्लीच्या सगळ्या धातूच्या, हलक्या. मी जमवतो त्या जुन्या, घडीव लोखंडाच्या आणि लाकडी दांड्याच्या. भिंतीवर एकतीस आहेत. आणि मी कोण, तर बल्ब बदलायला स्टुलावर चढलो तरी ज्याचे पाय लटपटतात असा माणूस. बर्फ मला सरबतातला माहीत. पहिली कुऱ्हाड भंगारवाल्याकडे मिळाली, त्याच्या दुकानाचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्यानं ती खाली अडकवली होती. दांड्यावर जिथे हात धरायचा तिथे लाकूड झिजून खोलगट झालं होतं. कुणा अनोळखी माणसाच्या अंगठ्याची ती खोलगट जागा माझ्या अंगठ्याला इतकी नेमकी बसली, की मी तिथेच उभा राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आपण धीट आहोत असं वाटलं. ते वाटणं पुन्हा मिळावं म्हणून दुसरी आणली, मग तिसरी. लग्न केलं नाही, त्यामुळे भिंत मोकळीच होती. बहीण म्हणायची, दादाचा संसार खुंटीला टांगलेला आहे.

असे आणखीही वेडे असतात. आमचं सात जणांचं मंडळ आहे. वर्षातून एकदा वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये जमतो, आपापली नवी कुऱ्हाड टेबलावर ठेवतो आणि एकमेकांचा हेवा करतो. मंडळात दोनच जाती. जिचं लोखंड, लाकूड, खिळा, सगळं मूळचं आणि अखंड, ती ‘खरी’. जिच्यावर कुठेही जोडकाम, भर, बदल केला असेल ती ‘लावलेली’. लावलेली असली तरी चालते, पण मग दांड्याला लाल दोरा बांधायचा. तो बांधला की लपवाछपवी राहिली नाही. मंडळाचा एवढाच नियम, आणि तो मोडणाऱ्याला क्षमा नाही. खरी की लावलेली हे ठरवतात आमच्यातले सगळ्यात वयस्क, घड्याळकाका. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आता डोळे अधू झाले, पण उजव्या अंगठ्याचं नख वाढवलंय. ते नख दांड्यावरून वरून खाली फिरवतात. कुठे अडलं तर ओठ मुडपतात. नाही अडलं तर कुऱ्हाड खाली ठेवून म्हणतात, “खरी.” ह्या एका शब्दासाठी आम्ही वर्षभर झुरतो. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आम्हाला वेड्यांच्या इस्पितळाचा पत्ता देईल.

सतरा नंबरची कुऱ्हाड मी आणली तेव्हाच तिला चीर होती. लोखंडाच्या खाली चार बोटं, केसाएवढी, पण लांब. बाकी कुऱ्हाड अशी देखणी, की तिच्यावर लाल दोरा म्हणजे चांगल्या चेहऱ्यावर देवीचे व्रण. बुजवणं हा तर माझा धंदा. खऱ्या दातांच्या शेजारी खोटा दात असा बसवायचा, की नवऱ्यालासुद्धा बायकोचा कोणता तो कळू नये. मी लॅबमधून दाताच्या रंगाची पूड आणली, ‘अ-तीन’ नंबरची, किंचित पिवळसर. चीर अलगद फाकवून आत भरली, दाबली, वाळू दिली. वरच्या थरात चिमूटभर तपकिरी मिसळून लाकडाच्या रेषा काढल्या, एका केसाच्या कुंचल्यानं, तीन दिवस. शेवटी तेल पुसून उजेडात धरली तर मला स्वतःला चीर सापडेना. त्या वर्षी घड्याळकाकांचं नख वरून खाली गेलं आणि कुठेही अडलं नाही. ते म्हणाले, “खरी. शंभर टक्के.” सगळे टाळ्या वाजवायला लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी हसलो, मान लववली, आणि घरी येताना मला वाटलं की चोरी पचली तर ती चोरी राहत नाही. हे मी खरंच मनात म्हटलं होतं. त्यानंतर ती चार वर्षं भिंतीवर होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तीच दाखवायचो.

मास्तरांना तीच आवडायची. आले की चहाचा कप हातात घेऊन ते तिच्यासमोर उभे राहायचे आणि अंगठ्यानं दांडा चोळायचे. त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या आधी बहिणीचा लॅबमध्ये फोन आला. ह्यांना एखादी कुऱ्हाड देशील का, ती सतरा नंबरची, तुझ्या जिवावर येईल मला माहितीये, पण पन्नासावा आहे. जिवावर आलंच. पण ही कुऱ्हाड घरातून गेली की ते भरणंही माझ्या नजरेआड होईल, असाही विचार माझ्या मनाला चाटून गेला, तो मी आज लपवत नाही. शेवटी तिनं विचारलं, “दादा, खरी आहे ना रे?” माझ्या समोर कोणाचा तरी जबडा उघडा पडलेला होता, प्लास्टरचा. मी म्हणालो, “शंभर टक्के खरी.” मंडळात दहा वर्षं ऐकलेला शब्द तोंडातून आपोआप गेला. ती काय विचारत होती? तिला आमच्या जाती कुठे ठाऊक? ती विचारत होती की ही नुसती शोभेची नाही ना, टिकेल ना, ह्यांचा भार घेईल ना. मी उत्तर देत होतो घड्याळकाकांना. पुढे सहा वर्षं मी ह्या एका शब्दाआड लपून बसलो. तिचा खरी वेगळा, माझा खरी वेगळा. मी कुठे खोटं बोललो, असं मी रोज दात घासताना आरशातल्या माणसाला सांगायचो.

आणि वाढदिवसाच्या दिवशी? तिथे तर शब्दाचा घोळ नव्हता. केक कापून झाला, मास्तरांनी कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि जाहीर केलं, की ह्या वेळी वर जाताना हीच नेणार, दादाची कुऱ्हाड आधी कुठल्या डोंगरावर गेली असेल नसेल, आता परत जाणार. सगळे ओरडले. माझ्या तोंडात केकचा घास होता. तो गिळायला किती वेळ लागतो? मी घास गिळला आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. मास्तर, ही भिंतीवरची आहे, नेऊ नका, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, कारणसुद्धा कोणी विचारलं नसतं. पण माझ्या डोळ्यांसमोर घड्याळकाकांचं नख आलं. मंडळातला एक जण त्या पार्टीला होता, कोपऱ्यात बशी घेऊन उभा. तो माझ्याकडे बघून कौतुकानं हसला, आणि माझी दातखीळ बसली. त्यानंतर मास्तर निघायला एकोणीस दिवस होते. एकोणीस दिवसांत माणूस काय काय करू शकतो. मी एकदा फोन केला. बहिणीनं उचलला. मी म्हणालो, मास्तरांकडे गरम मोजे पुरेसे आहेत ना? ती म्हणाली, आहेत रे, किती काळजी करशील.

ते घसरले तो उतार फार तीव्रही नव्हता म्हणे. त्यांनी चोच रोवली, अंग टाकलं, कुऱ्हाडीनं धरलं. मास्तर सांगतात तेव्हा इथे थांबतात आणि बोटं मिटून दाखवतात, तिनं मला धरलं, दादा. मग ‘कट्’. दोन मजले खाली खडकावर कंबर आपटली. इस्पितळात मी भेटायला गेलो तेव्हा मोडकी कुऱ्हाड त्यांच्या खाटेखाली, त्यांच्या बुटांशेजारी ठेवलेली होती. त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, तुमच्या कुऱ्हाडीनं तो एक क्षण धरलं म्हणून वेग कमी झाला, नाहीतर खडकाच्या पलीकडे गेलो असतो, तिथे तळ नाही. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं आणि मी त्यांची उशी सरळ करत होतो. ते पाच महिने झोपून होते. उठले ते काठी घेऊनच. कंबर वाकत नाही, तीन मजले चढवत नाहीत, म्हणून माझ्या घरी ते वर आलेच नाहीत, खाली किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीपाशी बाकावर बसतात. आणि बहीण? निघायच्या दिवशी पहाटे मास्तरांच्या पिशवीत त्यांची जुनी धातूची कुऱ्हाडही होती. ती हिनं काढून ठेवली. दोन-दोन कशाला ओझं, म्हणाली, दादाची आहे ना. इस्पितळाच्या पायरीवर तिनं मला हे सांगितलं. “माझंच चुकलं रे. ती राहू द्यायला हवी होती मी पिशवीत.” मी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणालो, असं म्हणू नये. बघा कसं बोललो मी. असं म्हणू नये. हे खरं नाही, असं नाही म्हणालो.

तेव्हापासून ती कुऱ्हाडींच्या खोलीत येत नाही. आली की स्वयंपाकघरात बसते, चहा घेते, आणि भिंतीपलीकडे त्या एकतीस टांगलेल्या आहेत हे आम्हा दोघांनाही ऐकू येत असतं. मास्तर तिला समजावतात, अगं, तू काय केलंस, नशीब होतं. ती हो म्हणते. मग चार दिवसांनी भांडी लावताना मधेच थांबते. तिचे केस ह्या सहा वर्षांत पांढरे झाले. मी काय केलं, तर त्यांच्या घरातलं जे काही मोडेल ते जोडून दिलं. खुर्ची, कपाटाची कडी, तिच्या सासूबाईंची कवळी दोनदा. मास्तर म्हणायचे, दादांसारखा माणूस मिळायला भाग्य लागतं. असं कोणी म्हटलं की मला दोन दिवस जेवण जात नसे, आणि तरी पुन्हा काही मोडलं की मीच आधी हजर.

टेबलावरचा दिवा ओढून घेतला आणि टॉवेल सोडला. सहा वर्षं ही काचेच्या कपाटात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. मोडलेला भाग दिव्याखाली धरला. मॉपच्या दांड्यासारखाच. निम्मा ताजा, कुसळांनी भरलेला, आणि निम्मा जुना, गुळगुळीत, आणि त्यावर माझी भर, नखाएवढ्या जाडीचा पट्टा, अजून घट्ट चिकटलेला. वरचा तपकिरी रंग नुसता वरच होता. आत मी रंग मिसळलाच नव्हता, आत कोण बघणार म्हणून. आत स्वच्छ दाताचा रंग होता. मास्तरांनी हे हजारदा बघितलं असेल आणि लाकूडच समजले असतील. मी हिशेब केला, मधे एक लोखंडी सळई, दोन्ही बाजूंनी लेप, वरून रेषा. पाऊण तासाचं काम. पाचपर्यंत सहज होईल, आणि हा पट्टा कायमचा आत बंद होईल. पुन्हा कधी कोणी बघणार नाही. मास्तर रोज त्यावर हात ठेवून चालतील. मी पूड काढली. डबीचं झाकण उघडलं. तेवढ्यात दार वाजलं, आणि घड्याळात तर चारच वाजले होते.

बहीण एकटीच वर आली होती. मास्तर खाली बसलेत, लवकरच निघालो, त्यांना घरी चैन पडेना, म्हणाली. मी सवयीनं स्वयंपाकघराकडे वळलो. ती वळली नाही. खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि उंबऱ्याच्या अलीकडूनच म्हणाली, “दादा, ती जोडू नकोस. जमलं नाही म्हणून सांग.” का, असं मी विचारलं नाही, तरी तिनं सांगितलं. त्यांची आताची काठी वाजते ती कशीबशी ऐकते, पण हीच जर घरभर वाजत राहिली तर तिला वेड लागेल. तू नाही म्हणालास की ते ऐकतील, तुझा शब्द त्यांना मोठा. जोडलं तर मी सुटतो, नाही जोडलं तरी सुटतो. दोन्ही दारं उघडी, आणि दुसरं उघडायला तीच आली होती, नेहमीसारखी.

नेहमीसारखी म्हणतो, कारण ती नऊ वर्षांची असताना मी तिला सायकल शिकवत होतो. मी पंधराचा. ती पुढे बघून पेडल मारत होती आणि दर दोन मिनिटांनी विचारत होती, धरलंयस ना? मी ओरडत होतो, धरलंय, धरलंय. कोपऱ्यावर माझा मित्र दिसला आणि मी सीट सोडली. तिथून पुढेही मी धरलंय म्हणून ओरडतच होतो. ती भिंतीवर गेली. समोरचा दात पडला. घरी आईनं विचारलं तेव्हा ती रक्ताचा रुमाल तोंडाला धरून म्हणाली, मीच पडले, दादा नव्हता. आई म्हणाली, दुधाचा असेल, येईल दुसरा. वर्षभर वाट बघितली. तो दुधाचा नव्हता. पुढे मी हे काम शिकलो तेव्हा पहिला दात बनवला तो तिचा. दर चार-पाच वर्षांनी नवा बनवून देतो. मास्तरांनाही लग्नानंतर कितीतरी दिवसांनी कळलं की तो खोटा आहे.

“इकडे ये,” मी म्हणालो. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हणालो, ये. माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, ती आत आली. मी मोडका तुकडा दिव्याखाली धरला आणि भिंग तिच्या हातात दिलं. ती वाकली. पहिल्यांदा तिला काही कळलं नाही. मी म्हणालो, नीट बघ, तो पट्टा. तिनं बोट लावलं, नखानं टोकरलं. मग तिची जीभ वरच्या ओठाआड हळूच एकदा फिरली, ते मला बाहेरून दिसलं.

“हा माझ्या दाताचा रंग आहे,” ती म्हणाली.

मग मी सांगितलं. चीर आधीपासूनची होती. मी बुजवली. ती जोर घेणार नाही हे मला ठाऊक होतं, किंवा ठाऊक असायला हवं होतं, नाही, ठाऊक होतं. ती भिंग हातात धरूनच उभी होती. म्हणाली, मी फोनवर विचारलं होतं. मी हो म्हणालो. तू खरी म्हणालास. मी हो म्हणालो. “आमच्यात खरी म्हणजे,” मी सुरू केलं, आणि ती ऐकत थांबली, अगदी शांतपणे, मी काय सांगतोय ते खरंच समजून घ्यावं म्हणून. आणि सहा वर्षं जपलेलं ते वाक्य पुरं करताना मला दिसलं की ते पुरं होतच नाही. खरी म्हणजे अखंड. जिच्यात भर नाही ती. “आमच्यातसुद्धा ती खरी नव्हती,” मी म्हणालो.

ती स्टुलावर बसली. मग तिनं पदराआड तोंड न लपवता, माझ्यासमोरच, दात काढला, रुमालानं पुसला आणि त्या पट्ट्याशेजारी धरला. दिव्याखाली दोन्ही एक झाले. कोणता कुठला ते मलाही सांगता आलं नसतं. दात तिनं परत लावला नाही. बोलायला लागली तेव्हा सगळे ‘स’ त्या फटीतून निसटत होते, नऊ वर्षांच्या मुलीसारखे, आणि मला कान झाकून घ्यावेसे वाटले.

“त्यांना वाकता येत नाही,” ती म्हणाली. “सहा वर्षं रोज सकाळी मी त्यांच्या पायांत मोजे चढवते. चढवताना रोज मनात माफी मागते, एक दिवस चुकवला नाही. आणि दादा, तू फोन करून मोज्यांचं विचारलं होतंस.”

खालून टपरीवरच्या यंत्राचा आवाज येत होता, किल्ली घासल्याचा. ती म्हणाली, आईला मी सांगितलं होतं मीच पडले म्हणून. ह्यांना मी तुझ्यासाठी तसं काही सांगणार नाही. एवढंच म्हणून तिनं तोंड भिंतीकडे केलं, कुऱ्हाडींकडे, आणि तशीच बसून राहिली. मी खण उघडून लाल दोऱ्याचं रीळ काढलं. वर्षानुवर्षं न वापरल्यामुळे त्याचा बाहेरचा थर फिका पडला होता. हातात धरलं आणि परत ठेवलं. मास्तरांना दोऱ्याची भाषा कुठे येते. दोन्ही तुकडे टॉवेलात न गुंडाळता तसेच उचलले आणि जिना उतरलो.

मास्तर बाकावर बसले होते, जुनी काठी गुडघ्यांमध्ये. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, मग तुकडे दिसले. झाली नाही का अजून, असू दे, घाई कुठे आहे, म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसलो. “मास्तर, ही खरी नव्हती.” ते हसले. म्हणाले, दादा, तुमची खरी-खोटी मला काय कळणार, माझ्या हाताला बसली म्हणजे झालं, आणि त्यांनी हात पुढे केला. तो हात तसाच पुढे होता तेव्हा मी म्हणालो, “दांड्याला चीर होती. मी ती बुजवून लपवली होती. तुम्ही वर नेणार म्हणालात तेव्हा मला माहीत होतं.”

त्यांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो आपल्या मांडीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. किल्लीवाल्याचं यंत्र थांबलं होतं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी वर बघितलं, तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे, आणि विचारलं, “तिला कळलंय?” आत्ताच सांगितलं, मी म्हणालो. “म्हणजे सहा वर्षं ती उगाच,” एवढं बोलून ते थांबले. तुकडे तिथेच माझ्या मांडीवर सोडून, काठी टेकत ते उठले. मी हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. घराच्या दिशेनं जातील असं वाटलं होतं. ते जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीवर काठी ठेवली, कठड्याला धरलं आणि न वाकणारा पाय ओढून वर घेतला. मग दुसरी पायरी. सहा वर्षांत ते हा जिना चढले नव्हते. तुकडे बाकावर टाकून मी त्यांच्यामागे एक पायरी सोडून चढत होतो, दोन्ही हात पुढे धरून, त्यांच्या पाठीपासून चार बोटांवर. प्रत्येक वळणावर ते थांबत होते, श्वास घेत होते, आणि पुन्हा पाय ओढत होते. मी धरलंय, असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.